गोव्याहून वीकेंडला गुलमर्ग: हौशी स्की रेस, गेट्स आणि गोंडोला न करता परत

मळेकरीण

मागच्या स्केटिंगच्या धाग्यावर तिघाचौघांनी विचारलं होतं की गोव्यात राहून बर्फावरची रेस कशी काय करतेस आणि शनिवार-रविवारसाठी काश्मीर गाठणं म्हणजे वेडेपणा नाही का, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी काही मोठी खेळाडू नाही हं. नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात होते तेव्हा लागलेला नाद, चाळिशी उलटली तरी सुटला नाही, एवढंच. हौशी लोकांच्या वयोगटाप्रमाणे जायंट स्लॅलम (उतारावर लावलेल्या खांबांमधून वळणं घेत खाली यायची) रेस असतात, त्यात उतरते.

यंदा कार्निव्हालच्या वीकेंडला गेले. तसंही त्या शनिवारी पणजीत गाडी काढून उपयोग नसतो. शुक्रवारी पहाटे मोपाहून दिल्ली, तिथून श्रीनगर, पुढे टॅक्सी, रविवारी रेस आणि सोमवारी परत. श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किमी आहे, पण तंगमर्गनंतरचा शेवटचा घाट बर्फ पडलेला असला की चेन लावलेल्या नाहीतर फोर बाय फोर गाडीनेच चढतात, त्यामुळे तिथे गाडी बदलायची, स्कीची लांबलचक पिशवी टपावर बांधायची आणि ती नीट बांधलीय का हे स्वतः ओढून बघायचं.

आता खरा मुद्दा. गुलमर्गचं नाव जगभर झालंय ते पावडरसाठी, म्हणजे अफरवट डोंगराच्या उतारावरचा भुसभुशीत ताजा बर्फ. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा तुम्हाला जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो, खाली गुलमर्ग २,६५० च्या आसपास, म्हणजे एका दमात तेराशे मीटर उतार. परदेशातनं लोक त्याच्यासाठी येतात. पण रेस करणाऱ्याला पावडरचा काही उपयोग नाही, त्याला हवा दाबून कडक केलेला बर्फ, सकाळचा, ऊन लागायच्या आधीचा. म्हणून मी दुसऱ्या टप्प्याला गेलेच नाही. इथे हे ज्याला सांगितलं त्याने माझ्याकडे तिरुपतीला जाऊन दर्शन न घेता आल्यासारखं बघितलं.

माझं म्हणणं एवढंच की समुद्रसपाटीवरून जाणाऱ्या माणसाला हाताशी दोन-अडीच दिवस असतील तर पहिला दिवस काहीही न करण्यात घालवायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्याच उतारावर गेट्स मारायची, तिसऱ्या दिवशी रेस. बाकी सगळं पुढच्या वेळी. असं केलं तर वीकेंड पुरतो. गोंडोला, बर्फातले फोटो, स्लेज, श्रीनगरचं लेक असं सगळं त्यात कोंबलं तर रेस होत नाही, झाली तरी पाय नसतात.

विचारा काय विचारायचं ते.

फोंड्याचो_विठू

पहिला!

ताई, गेट्स मारायची म्हणजे नक्की काय? माझ्या डोळ्यासमोर फोंडा मार्केटचं गेट आलं.

मळेकरीण

@विठू :D

जायंट स्लॅलममध्ये उतारावर लाल आणि निळी गेट्स आलटून पालटून लावलेली असतात. प्रत्येक वळणावर दोन खांब आणि मध्ये ताणलेलं कापड, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला थोड्या अंतरावर तसंच आणखी एक. त्या दोघांच्या मधून दोन्ही स्कींची टोकं गेली पाहिजेत. एक जरी गेट चुकलं तरी रन (वरून खालपर्यंतची एक फेरी) बाद, वेळ कितीही चांगली असो. दोन रन होतात, दोन्हीची वेळ मिळवतात. दुसऱ्या रनला गेट्स पुन्हा नव्याने लावलेली असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही.

रेसच्या आधी कोर्स बघायला देतात पण गेट्समधून स्की करत जायचं नाही, कडेकडेने आडवं घसरत उतरायचं आणि डोक्यात नकाशा करायचा. कुठे उतार एकदम पडतो, कुठे सपाट होतो, कुठल्या गेटनंतरचं पुढचं दिसतच नाही. मी हे तोंडाने पुटपुटत करते, बाजूची कॉलेजातली पोरं हसतात, हसू देत.

नवीन माणसाला सगळ्यात कठीण जातं ते हे की गेट दिसल्यावर वळायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. वळण गेटच्या वरच करून घ्यायचं, खांबापाशी पोचेपर्यंत स्की पुढच्या गेटकडे निघालेली पाहिजे. नजर नेहमी दोन गेट्स पुढे. उशीर झाला की प्रत्येक गेटला थोडा थोडा साचत जातो आणि सहाव्या-सातव्याला तुम्ही कोर्सच्या बाहेर.

सत्तरीचा_सुभेदार

धागा आवडला. मी नोकरीत असताना गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी कोर्स केला आहे. ती संस्था १९४८ साली सैन्याची स्की शाळा म्हणूनच सुरू झाली होती हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमची स्की म्हणजे पाठीवर बोजा, खांद्यावर हत्यार, आणि वर चढायचं तेही स्कीवरच, तळाला कातडी लावून. लिफ्टने वर जाऊन खाली यायचं याला आमचे उस्ताद स्की म्हणायला तयार नसत.

पहिला दिवस मोकळा ठेवायचा हे बाईंनी शंभर टक्के बरोबर लिहिलं आहे. आमच्याकडे केरळचे, कोकणातले, आपले गोव्याचे जवान यायचे, अंगाने दणकट, आणि पहिल्या रात्री तेच डोकं धरून बसायचे. दणकट माणूस जास्त फसतो कारण त्याला वाटतं आपल्याला काय होतंय.

डॉक्टर_डिचोली

सुभेदारसाहेबांना +१. २,६५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असतो, ३,९५० वर आणखी कमी, बासष्ट टक्क्यांच्या आसपास. सकाळी मोपावर इडली खाल्लेला माणूस दुपारी गुलमर्गला पोचतो, शरीराला पत्ताच नसतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पोचल्या पोचल्या होत नाही, बहुतेक वेळा सहा ते बारा तासांनी सुरू होतं, त्यामुळे लोकांना वाटतं जेवण बाधलं. आणि दुसऱ्या दिवशी तसेच गोंडोलाने आणखी तेराशे मीटर वर जातात. डोकं दुखत असताना आणखी उंच जायचं नाही, हा नियम लक्षात ठेवला तरी खूप झालं. गोळी हवी असेल तर आपल्या डॉक्टरला विचारून, शेजाऱ्याची घेऊन नको.

पहिल्या रात्री दारू नको. हे गोव्यात बसून लिहिणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे, तरी लिहितो.

आणखी एक, उन्हाचं. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्के परत तोंडावर फेकतो. आपण बीचवर काळे झालेले लोक, आपल्याला काय ऊन, असं समजून गॉगल काढून फिरलेला एक पेशंट मी बघितला आहे, डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं म्हणत होता. नाकपुडीच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा.

मडगांव_मेल

अवांतर आहे पण उरॅकचा (काजूच्या दारूचा) सीझन नेमका तेव्हाच सुरू होतो, बाटली नेली तर चालेल का?

डॉक्टर_डिचोली

@मडगांव_मेल तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

दुबईकर_म्हापसेकर

मळेकरीण, एक पर्याय सुचवतो. मी इथे दुबईत, मॉलच्या आत जो स्की स्लोप आहे तिथे दर आठवड्याला जातो. २००५ पासून चालू आहे, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा, वरून खाली साठ मीटरचा फरक. उंचीचा त्रास नाही, हवामानाचा भरवसा, बर्फ रात्री तयार करतात आणि सकाळी मशिनने सपाट केलेला असतो, म्हणजे तुम्हाला पाहिजे तसाच कडक. गोव्यातल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात आहेच, राहायची सोय फुकट. मग काश्मीर कशाला?

मळेकरीण

@दुबईकर, गेलेय मी तिथे, नणंदेकडे उतरले होते. छोट्या वळणांच्या सरावाला उत्तम, खोटं कशाला बोलू. पण चारशे मीटर म्हणजे जायंट स्लॅलमच्या लयीला लागेपर्यंत संपतो. पाय जळायला लागल्यावर पुढची गेट्स कशी काढायची हा या रेसचा अर्धा भाग आहे, तो तिथे येतच नाही. शिवाय उजेड सगळीकडे सारखा. गुलमर्गला ढग आले की उजेड इतका सपाट होतो की खड्डा आणि उंचवटा एकच दिसतं, पायालाच कळतं. ते मॉलमध्ये कुठून शिकणार.

आणि खरं सांगू का, मला ती थंडी हवी असते. सकाळी बुखारीजवळनं (खोलीतल्या शेगडीजवळनं) उठून कडक झालेल्या बुटात पाय कोंबायचे, तोंडातनं वाफ, हातात कहवा. तंगमर्गला गाडी बदलताना कांदरूच्या (तिथल्या पाववाल्याच्या) भट्टीतली गिर्दा रोटी घेतली होती, कागदात गुंडाळलेली, गरम. पहाटे दारात पोदेर (आपला गोव्याचा पाववाला) येणाऱ्या घरातली बाई मी, मला ती न खाता पुढे जाववलं नाही.

पेडणेकर_प्रॅक्टिकल

वाचतोय. पण ताई काही गोष्टी राहिल्या त्या मी लिहितो, मागच्या वर्षी फॅमिलीबरोबर गेलो होतो त्यामुळे ताज्या आहेत. (१) बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड पाहिजे, आमच्या पूर्ण ग्रुपमध्ये फक्त सासऱ्यांचा फोन चालू आणि ते उचलत नाहीत. (२) गोंडोलाचं तिकीट ऑनलाईनच काढायचं आणि आधीच काढायचं, तिथे जाऊन मिळेल या आशेवर राहू नका, आणि वारा असला की दुसरा टप्पा बंद. (३) येताना श्रीनगर विमानतळावर वेळ हातात ठेवून पोचा, टर्मिनलच्या बरंच आधी रस्त्यावरच सगळं सामान उतरवून एकदा तपासतात, मग आत पुन्हा. स्कीची बॅग असेल तर अजूनच.

प्रश्न: स्की स्वतःची न्यायलाच पाहिजे का? तिथे भाड्याने मिळते की.

मळेकरीण

@पेडणेकर धन्यवाद, माझं टायपिंग वाचलं.

शिकायला जाणाऱ्याने भाड्याचीच घ्यावी, विमानात ओढत नेण्यात काही अर्थ नाही. रेससाठी मात्र भाड्याच्या स्कीवर भागत नाही कारण कडा बोथट असतात. कडक बर्फावर कडा धरली नाही तर वळण होतच नाही, नुसती घसरगुंडी. स्की चेक-इनला देते पण बूट केबिनमध्ये, हातात घेऊन. स्की हरवली तर दुसरी मिळेल, पायाच्या मापाला भाजून बसवलेला बूट कोण देणार. सिक्युरिटीवाल्या बाईने विचारलं हे काय, मी म्हटलं बूट, ती म्हणाली एवढे? आणि दुसरीला बोलावून दाखवले.

भाड्याने घेताना एक गोष्ट न लाजता बघा. बाइंडिंगवर (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर) आकडा असतो, किती जोर आला की बूट सुटेल तो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून ठरतो. दुकानातला पोरगा नुसतं तोंडाकडे बघून स्क्रू फिरवत असेल तर थांबवा. आकडा जास्त ठेवला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. इन्शुरन्सची पॉलिसी पण वाचा, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ नाहीत आणि रेस तर हमखास वगळलेली असते.

कुंकळ्ळी_क्वीन

मी पूर्णवेळ वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. गोव्यात याचा सराव कसा करता? आणि पावसाळ्यात त्या स्कीचं काय होतं? आमच्याकडे जून-जुलैत चामड्याची पर्स हिरवी होते.

मळेकरीण

@कुंकळ्ळी, स्वागत. आणि काय प्रश्न विचारलात, यावर मी तासभर बोलू शकते.

सराव: इनलाईन स्केट्स. पहाटे कांपालला रस्ता रिकामा असतो तेव्हा पेपरकप उलटे मांडून त्यातून वळणं. वजन बाहेरच्या पायावर टाकायची सवय त्याने टिकते. आणि रेस सुरू होतानाचे पहिले पाच-सहा जोरकस ढकले तर अगदी स्केटिंगच आहेत, तिथे मी डोंगरातल्या पोरींना पण ऐकत नाही. ताकदीसाठी जिने आणि घाट, पण चढायला नाही, उतरायला! स्कीमध्ये मांड्यांवर ताण येतो तो खाली दाबलं जाताना. पारोड्याचा चंद्रेश्वर डोंगर चढायचा आरामात आणि उतरायचा गुडघे वाकवून सावकाश, दुसऱ्या दिवशी संडासला बसताना कळतं किती व्यायाम झाला.

पावसाळा: शत्रू नंबर एक. कडा पोलादाच्या, आपली हवा खारी आणि ओली, एका आठवड्यात तांबूस होतात. म्हणून मार्चमध्ये परत आल्या आल्या पुसून कोरड्या करायच्या, कडांना धार लावून घ्यायची आणि मग तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर इस्त्रीने वितळवून तसाच ठेवायचा, खरवडायचा नाही. तो डिसेंबरात खरवडायचा. बुटातलं आतलं अस्तर काढून वेगळं वाळवायचं, आत सिलिका जेल, आणि कपाटात नाही, जिथे पंखा लागतो त्या खोलीत. बुटाचं वरचं कवच पॉलियुरेथेनचं असतं, ते दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की आतून ठिसूळ होतं आणि एक दिवस पाय घातल्यावर तडकतं. जुने बूट स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्यांनी आपण कुठे राहतो ते आठवावं.

फोंड्याचो_विठू

मेण खरंच एवढं महत्त्वाचं? मला वाटायचं ते क्रिकेटच्या बॅटला तेल लावण्यासारखं, मनाचं समाधान.

मळेकरीण

गुलमर्गच्या खालच्या उतारावर तर मेणच जिंकतं. तिथला हौशी कोर्स फार तीव्र नाही, शेवटी लांब सपाट पट्टा आहे आणि तिथे सगळे गुडघ्यात डोकं घालून बसून जातात, तेव्हा कोणाची स्की जास्त पळते एवढाच प्रश्न उरतो. थंड ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात म्हणून कडक मेण, दुपारच्या ओलसर बर्फाला मऊ. हवेचं नाही, बर्फाचं तापमान बघायचं. पूर्वी श्रीमंत लोक फ्लोरिनवालं मेण लावायचे, महागडं आणि विषारी, ते आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या सीझनपासून बंद केलं. बरं झालं, मला तसंही परवडत नव्हतं.

रविवारी काय झालं तेही लिहिते कारण दोघांनी विपूत (विचारपूस पानावर) विचारलंय. पहिल्या रनला माझा नंबर उशिरा होता. आधीच्यांनी प्रत्येक गेटखाली खाच पाडून ठेवलेली, तीत शिरलं की ती जिथे नेईल तिथे जायचं. वरचा भाग बरा गेला, मधल्या उतारावर एक निळं गेट अगदी खांबाला खांदा घासून काढलं. शेवटच्या सपाटीवर मेणाने हात दिला. दुसऱ्या रनच्या आधी ढग आले, तेव्हा मी वेग थोडा हातचा राखून सगळी गेट्स काढली, आणि गटात मधल्या फळीत आले. माझ्या पुढच्या दोघी त्याच ढगात बाहेर गेल्या, त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी चांगली स्की करते. पहिली आली ती तंगमर्गची, शाळेत शिकवते म्हणाली.

सत्तरीचा_सुभेदार

ढगात वेग राखला हे शहाणपणाचं. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, याच गुलमर्गचा. जायंट स्लॅलमच्या दिवशी तिकडे जोरात बर्फ पडत होता, भले भले बाहेर गेले, आणि हा दोन्ही रन पूर्ण करून ४५ वा आला. लोक म्हणाले पंचेचाळीसावा तर आला. ज्यांनी उतारावर सपाट उजेड बघितला आहे ते असं बोलणार नाहीत.

मडगांव_मेल

सुभेदारकाका, हिवाळी ऑलिम्पिकला आपण आधीपासून जातो का? मला वाटायचं ते अलीकडचं.

सत्तरीचा_सुभेदार

१९६४, इन्सब्रुक. जेरेमी बुजाकोव्स्की. तेही अल्पाइन स्कीइंगच. १९६८ ला पुन्हा. २००६ ला तुरिनमध्ये नेहा अहुजा, आणि २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कीतल्या स्पर्धेत ब्राँझ आणलं.

पेडणेकर_प्रॅक्टिकल

मी अजूनही गोंडोलाच्या बाजूने. एवढं विमानभाडं घालून वर न जाणं मला पटत नाही. तिकीट तर माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला खर्च होता. आणि उत्तराखंडातलं औली का नाही? ते तर स्वस्त पडेल.

मळेकरीण

@पेडणेकर, फॅमिलीबरोबर गेलात तर जाच की वर, मी कुठे नको म्हणतेय. मी रेसच्या आदल्या दिवशी जाणार नाही एवढंच. आणि वर जाऊन स्की करत उतरायचं असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. गस्तीची हद्द सोडली की तो मोकळा डोंगर, खुणा नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले. तिथली गस्तीची टीम धोक्याचं बुलेटिन काढते ते वाचल्याशिवाय आणि गाईड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र), फावडं असल्याशिवाय नाही. हे सगळं शिकायला वीकेंड पुरत नाही.

औली मला आवडतं, उतार रेससाठी झकास, २०११ ला दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले होते तिथे. पण देहरादूनहून जोशीमठ म्हणजे अख्खा दिवस गाडीत, परत येताना तेच, मग स्की कधी करणार? त्यात जोशीमठला जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये रोपवे बंद केला होता. आठवडा असेल तर जा.

बर्फाचा जुगार मात्र दोन्हीकडे आहे. २०२५ ला गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतनं मार्चवर ढकलावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्ग चक्क तपकिरी होतं, फोटो बघितले असतील. म्हणून मी तिकीट काढते ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याचं आणि बदलता येईल असंच, चार पैसे जास्त गेले तरी.

कुंकळ्ळी_क्वीन

माझी मुलगी बारा वर्षांची, स्केटिंग करते शाळेत. तिला एकदम रेसला नको, पण कुठून सुरू करू?

मळेकरीण

गुलमर्गलाच केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीलाही हिमाचल सरकारची एक आहे, त्यांचे नवशिक्यांचे निवासी कोर्स असतात, साधारण दोन आठवड्यांचे. तिथे घाला. पालकांनी बरोबर राहून उतारावरून सूचना ओरडू नयेत, ही माझी एकच अट. स्केटिंगवाल्या मुलांना तोल पटकन येतो, फक्त ती मागे रेलतात, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची सवय लावावी लागते.

तोपर्यंत रविवारी तिला घेऊन कांपालला या, सहा वाजता. कप मी आणते. विठू, तू पण ये, नुसता धाग्यावर गेट्स विचारत बसू नकोस.

फोंड्याचो_विठू

येतो की, पण शनिवारी रात्री आमच्याकडे फोंड्यात शिगम्याची मिरवणूक आहे आणि मी ढोल वाजवतोय. साडेसातला चालेल का?

मळेकरीण

साडेसातला तिथे चालायला येणारे सगळे आजी-आजोबा असतात. तू कपांच्या ऐवजी त्यांच्यातून वळणं काढणार आहेस का? सहा म्हणजे सहा.